चार ग्रॅमांचा हिशेब : अवटू ग्रंथी आणि आयोडीन
(व्याख्यानाचा सारांश)



मानवी देहाचा कारभार दोन यंत्रणांवर चालतो. मज्जासंस्थेचा निरोप क्षणार्धात पोहोचतो. अंतःस्रावी ग्रंथींचा निरोप रक्तावाटे सावकाश जातो, परंतु त्याचा प्रभाव दीर्घकाळ टिकतो. हे निरोप म्हणजेच संप्रेरके अथवा हार्मोन्स. सर्व ग्रंथींचा परामर्श एका व्याख्यानात घेणे अशक्य. म्हणून येथे केवळ अवटू, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा विचार करावयाचा आहे.

गळ्याच्या पुढील भागी, श्वासनलिकेवर, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. तिचे वजन सुमारे 20 ग्रॅम. पेशींनी ऊर्जा किती वेगाने खर्चावी हे तिचे थायरॉक्सिन ठरविते. हृदयाची गती, शरीराची ऊब आणि बालकाची वाढ त्याच्याशी निगडित आहे. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे 4 अणू असतात, आणि आयोडीन देह स्वतः निर्माण करू शकत नाही. प्रौढ व्यक्तीस ते दररोज 150 मायक्रोग्रॅम लागते. 70 वर्षांची बेरीज केली तरी ती पुरती 4 ग्रॅमही होत नाही! व्यापाऱ्याच्या वहीत अशी रक्कम किरकोळ खर्चात गेली असती.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातील थायरॉक्सिनवर सतत लक्ष ठेवते. ते घटले की अवटूला चेतविणारे संप्रेरक ती अधिक सोडते. पुरेसे झाले की हात आखडता घेते. परंतु कच्चा मालच नसेल, तर मागणी वाढतच राहते आणि ग्रंथी बिचारी राबून राबून फुगते. आयोडीनअभावी होणारा गलगंड तो हाच.

गळ्यावरची सूज दिसते. खरी हानी दिसत नाही. आरंभीच्या महिन्यांत गर्भ सर्वस्वी मातेच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असतो. तीव्र उणीव असल्यास बालकास मतिमंदत्व व बहिरेपण येऊ शकते, आणि मेंदूची ती हानी पुढे कोणत्याही औषधाने पूर्णतः भरून निघत नाही.

आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघरी होता. 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील काही भागांत आयोडीनयुक्त मीठ, तर एका भागात साधे मीठ पुरविले. काही वर्षांतच आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरले. शासनाने 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. पुढील सर्वेक्षणांत ही उणीव डोंगराळ मुलखाबाहेरही आढळली. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावरील बंदी 2000 मध्ये उठली होती. ती 2006 मध्ये पुन्हा लागू झाली, हे उचितच झाले.

अलीकडे मात्र नैसर्गिक म्हणून वर्षभर सैंधवच वापरण्याची प्रथा सुशिक्षित घरांत शिरली आहे. उपवासापुरते सैंधव घेण्यास हरकत नाही. परंतु आयोडीन न मिसळलेल्या सैंधवात ते नगण्य असते. गर्भवतीची दैनंदिन गरज तर 250 मायक्रोग्रॅम आहे. याचा अर्थ मीठ अधिक खावे असा नव्हे. नेहमीचेच मीठ आयोडीनयुक्त असावे, इतकेच. पाकिटावर तसा उल्लेख पाहून ते घ्यावे आणि बरणीचे झाकण घट्ट लावावे, कारण ओल लागल्यास मिठातील आयोडीन हळूहळू घटते.