काटा कोणी तपासायचा?



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत 'साथीच्या काळातील झटपट चाचण्या आणि त्यांच्या अचूकतेचे नियमन' असे छापले आहे. नाव लांबलचक आहे आणि ऐकायला रुक्षही आहे. वसंतातल्या संध्याकाळी लोकांनी घर सोडून यावे असा गोडवा त्यात नाही, हे मी जाणून आहे. परंतु हा विषय वऱ्हाडातल्या श्रोत्यांपुढे मांडताना मला थोडा धीर वाटतो. कारण मोजणाऱ्याला कोणी मोजावे, हा जो यातला मूळ प्रश्न, तो या प्रदेशाने कापसाच्या बाबतीत फार पूर्वीच सोडवावयास घेतलेला आहे.

येथून दक्षिणेला असलेले कारंजा आपणा सर्वांच्या पायाखालचे. हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित कापूसबाजार १८८६ साली तेथे सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडापुरता कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदाच झाला. इंग्रजांनी हे शेतकऱ्याच्या कळवळ्याने केले असे कोणी समजू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ आणि भरवशाचा माल हवा होता. पण हेतू काहीही असो, त्या व्यवस्थेतून एक तत्त्व रूढ झाले. घेणारा एक, विकणारा दुसरा, आणि माप करणारा मापारी हा तिसरा. आणि त्या मापाऱ्यापाशी परवाना हवा. आजही बाजारातला इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापनशास्त्र विभागाकडून दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. एकदा शिक्का बसला म्हणजे काटा जन्मभर खरा, असे कायदा मानीत नाही. काटा वापरात बिघडतो हे त्याला ठाऊक आहे.

आता कोरोनाच्या साथीतील त्या प्लास्टिकच्या पट्टीकडे वळू. तीही एक काटाच आहे. नाकातला स्राव एका द्रवात मिसळून त्याचे थेंब पट्टीवर टाकायचे. पंधरा-वीस मिनिटांत एक रेघ उमटली तर 'निगेटिव्ह', दोन उमटल्या तर 'पॉझिटिव्ह'. पट्टीवर 'सी' या अक्षरासमोर जी रेघ उमटते, तिच्याविषयी पुष्कळांचा गैरसमज आहे. ती उमटली म्हणजे उत्तर बरोबर आले, असे लोक समजतात. वस्तुतः द्रव पट्टीवरून नीट पुढे गेला आणि पट्टी चालली, एवढेच ती रेघ सांगते. काट्याचा दिवा लागला म्हणून वजन खरे ठरत नाही, तसेच हे.

या झटपट चाचण्यांत दोन जाती होत्या. एक विषाणूचेच प्रथिन शोधणारी, म्हणजे अँटिजेन चाचणी. दुसरी विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात शोधणारी, म्हणजे अँटिबॉडी चाचणी. प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडाभर किंवा त्याहून अधिक लागतो. म्हणून काल ताप आलेल्या माणसाला दुसऱ्या जातीची चाचणी फारशी उपयोगी नाही. या दोहोंहून वेगळी, प्रयोगशाळेत यंत्रावर होणारी आर.टी.पी.सी.आर. ही चाचणी. ती अधिक भरवशाची, पण वेळखाऊ. आरंभी या चाचणीचे देशी संच मंजूर करताना भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अट घातली होती, की पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने दिलेल्या नमुन्यांवर उत्तरे शंभर टक्के जुळली पाहिजेत. पुण्याच्या मायलॅब या कंपनीचा संच ही कसोटी उतरला आणि त्याला मार्च २०२० मध्ये मंजुरी मिळाली. आरंभ चांगला होता, हे मुद्दाम सांगतो.

पुढच्याच महिन्यात गाडे अडले. १६ एप्रिल २०२० च्या सुमारास चीनमधल्या दोन कंपन्यांचे सुमारे पाच लाख अँटिबॉडी संच देशात आले आणि राज्यांना वाटले गेले. राजस्थानने ते आधीच बाधित ठरलेल्या रुग्णांवर वापरून पाहिले, आणि त्यांची अचूकता केवळ ५.४ टक्के आढळल्याचे जाहीर केले. २१ एप्रिलला परिषदेच्या वतीने डॉ. रमण गंगाखेडकर यांनी सांगितले, की बाधितांचे नमुने ओळखण्याचे प्रमाण ठिकठिकाणी ६ टक्क्यांपासून ७१ टक्क्यांपर्यंत पडत आहे. म्हणून राज्यांनी दोन दिवस वापर थांबवावा. २७ एप्रिलला संच परत करण्याचीच सूचना निघाली. याच सुमारास दिल्ली उच्च न्यायालयासमोर असेही उघड झाले, की २४५ रुपयांना आयात केलेला संच ६०० रुपयांना विकला जात होता. न्यायालयाने तो दर ४०० वर आणला. पैशाची ही गोष्ट वर्तमानपत्रांनी फार चघळली. माझ्या मते ती दुय्यम आहे.

मुख्य गोष्ट निराळी आहे. आमचे संच पुण्याच्या संस्थेने तपासून मान्य केलेले आहेत, असे त्या कंपन्यांचे म्हणणे होते. आणि संच मान्य झालेल्या यादीत होते, हे खरेच होते. मग पुण्यात उतरलेली कसोटी जयपूरला का उतरली नाही? कारणे अनेक संभवतात. प्रयोगशाळेत निवडक नमुने असतात. शहरात कोणाला ताप येऊन दोन दिवस झालेले, तर कोणाला पंधरा. एका पेटीतला माल आणि दुसऱ्या पेटीतला माल यांत फरक पडू शकतो. उन्हाळ्यात गाडीत पडून राहिलेल्या पेटीची गोष्ट तर वऱ्हाडात सांगायलाच नको. म्हणजे अचूकता ही पट्टीच्या खोक्यावर छापून कायमची चिकटवता येणारी वस्तू नव्हे. पट्टी, ती वापरणारा हात आणि ती ज्याच्यावर वापरली तो माणूस, या तिघांत मिळून ती राहते.

हे जरा आकड्यांत पाहू. बेरीज-वजाबाकीपलीकडे यात काही नाही. १४ जून २०२० रोजी परिषदेने पहिल्या अँटिजेन चाचणीला परवानगी दिली तेव्हा तिचे गुणदोषही प्रसिद्ध केले, याबद्दल तिचे अभिनंदनच केले पाहिजे. निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याचे प्रमाण ९९.३ ते १०० टक्के. पण बाधिताला बाधित म्हणण्याचे प्रमाण ५०.६ ते ८४ टक्के. आपण खालचे आकडे धरू. समजा, तापाच्या दवाखान्यापुढे हजार माणसांची रांग आहे आणि त्यांतले २०० खरोखर बाधित आहेत. पट्टी त्यांतले सुमारे १०० पकडील आणि १०० सोडील. उरलेल्या ८०० निरोग्यांपैकी पाच-सहा जणांना ती उगाच बाधित म्हणेल. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आले तर जवळजवळ निश्चित खरे. पण 'निगेटिव्ह' कागद घेऊन घरी जाणाऱ्या दर नऊ माणसांत एक जण रोग घेऊन जात आहे.

आता हीच पट्टी घेऊन आठवडी बाजारात उभे राहा. हजार धडधाकट माणसे आहेत, आणि समजा त्यांतले १० बाधित आहेत. पट्टी ५ पकडील. पण ९९० निरोग्यांपैकी सुमारे ७ जणांना उगाच बाधित ठरवील. म्हणजे ज्या बारांना 'पॉझिटिव्ह' म्हणून बाजूला काढले, त्यांतले सात निरोगी! पट्टी तीच, कारखाना तोच, शिक्का तोच. केवळ माणसांची गर्दी बदलली आणि तिच्या बोलण्याचा अर्थ उलटा झाला. म्हणून 'हा संच किती टक्के अचूक?' असा प्रश्न कोणी केला तर 'कोणावर वापरणार?' असा उलट प्रश्न करावा लागतो. नियमन करणाऱ्याने संचाला परवाना दिला आणि वापराकडे पाहिले नाही, तर त्याचे अर्धे काम राहिले.

परिषदेने हे ओळखले नव्हते असे नाही. ज्याला लक्षणे आहेत आणि अँटिजेन 'निगेटिव्ह' आहे, त्याची आर.टी.पी.सी.आर. केलीच पाहिजे, असा नियम तिने पहिल्याच दिवशी घातला होता. पण १० सप्टेंबर २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला आणि परिषदेला राज्यांना संयुक्त पत्र लिहून त्याची आठवण द्यावी लागली. काही मोठ्या राज्यांत अशी फेरतपासणी होत नाही, असे त्यात म्हटले होते. नियम कागदावर होता, रांगेत नव्हता. चाचण्यांची संख्या रोज जाहीर होत असे आणि तिच्यावर जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना होई. संख्येची अशी शर्यत लागली की झटपट होणारी गोष्ट अधिक होते आणि सावकाश होणारी मागे पडते. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही.

आपल्या महाराष्ट्रातही ऑक्टोबर २०२० मध्ये एक प्रकरण घडले. ते झटपट पट्टीचे नव्हते, आर.टी.पी.सी.आर. संचांचे होते, पण धडा तोच. जालन्यात शंका आली, की नवे संच आल्यापासून बाधित निघण्याचे प्रमाण एकाएकी खाली गेले आहे. पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेकडे विचारणा झाली आणि सुमारे साडेबारा लाख संच सदोष म्हणून वापरातून काढत असल्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले. पुरवठादार कंपनीने हा ठपका नाकारला. त्या वादात आपण शिरू नये. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की ही शंका दिल्लीच्या कचेरीत आली नाही. रोजचे आकडे वहीत मांडताना ज्यांना 'हे काही बरोबर दिसत नाही' असे वाटले आणि ज्यांनी ते वर कळवले, त्यांच्यामुळे ती उघड झाली. परवाना देणाऱ्या खात्यापेक्षा अशा वहीची किंमत कमी समजू नये.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल देशाला प्रथम ज्या भागांत लागली, त्यांत आपला अमरावती-अकोल्याचा मुलूख होता. त्या दिवसांत घराघरांत काय झाले ते मी आपणास सांगण्याची जरुरी नाही. पण त्या सुमारास 'निगेटिव्ह' कागदाला एक नवेच मोल आले. एप्रिल २०२१ च्या राज्य सरकारच्या आदेशांत, लस न घेतलेल्या निरनिराळ्या व्यवसायांतल्या लोकांनी असा अहवाल जवळ बाळगावा अशी अट होती, आणि त्याला पंधरा दिवसांची मुदत होती. हा कागद वस्तुतः नमुना घेतला त्या घटकेचे वर्णन. त्याला पंधरा दिवसांचा पास बनवले, तेव्हा वैद्यकाची सीमा ओलांडून आपण पोलीसचौकीत शिरलो. पट्टी खोटे बोलत नव्हती. तिला जे विचारायला नको ते आपण विचारीत होतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. साथीत पाच दिवसांनी मिळणारे खरे उत्तर काय कामाचे? तोवर त्या माणसाने दहा जणांना रोग दिलेला असतो. त्यापेक्षा अर्धेच बाधित पकडणारी, पण पंधरा मिनिटांत पकडणारी पट्टी बरी. हे मला मान्य आहे. म्हणूनच जागच्या जागी करावयाच्या अँटिजेन चाचणीसाठी परिषदेने किमान ५० टक्के बाधित ओळखण्याची सोपी अट ठेवली, ती मला चूक वाटत नाही. घाईत अट सैल करता येते. पण अट सैल केली म्हणजे पाळत घट्ट करावी लागते, आणि आपण दोन्ही सैल केली. अमेरिकेनेही तेच केले. १६ मार्च २०२० ला त्यांच्या औषध प्रशासनाने अँटिबॉडी चाचण्या पूर्वतपासणीशिवाय बाजारात येऊ दिल्या. बाजार वाटेल त्या मालाने भरला, आणि ४ मे रोजी त्यांना ते धोरण फिरवावे लागले.

आता पाळत ठेवायची कोणी? आपल्याकडे परवाना देते केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली. कसोटी घेतली परिषदेने आणि तिच्या संस्थांनी. एप्रिल २०२० चे ते अँटिबॉडी संच मागवलेही परिषदेसाठीच. ते कसे वापरावेत हे सांगणारी परिषद, आणि ते बिघडले तेव्हा चौकशी करणारीही परिषद. तिच्या शास्त्रज्ञांच्या सचोटीविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्यांनीच दोष उघड बोलून दाखवला. पण कारंजाच्या बाजाराने जे वेगळे केले, तेच येथे एकत्र झाले. घेणारा आणि मापारी एकाच घरातले. हे घर कितीही सज्जनांचे असले, तरी बाजार असा चालवू नये.

आणि बंदी घालण्याची ताकद आपल्या व्यवस्थेत नाही, असेही नाही. क्षयरोगासाठी रक्तातली प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या आपल्या देशात वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. गरीब माणूस त्यांवर पैसे घाली. क्षय नसलेल्याला औषधे मिळत आणि असलेल्याला मिळत नसत. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले, आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. साथीची घाई नव्हती, चर्चेला सवड होती, तरी इतकी वर्षे गेली. कारण त्या संचांची बाजारात पुन्हा पुन्हा तपासणी करून निकाल प्रसिद्ध करण्याची रीत नव्हती.

संच बिघडल्याची तक्रार घेणारी एक यंत्रणा २०१५ पासून आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे वैद्यकीय उपकरणांच्या दोषांची नोंद होते, आणि डॉक्टरांनाच नव्हे, सामान्य माणसालाही तेथे कळवता येते. हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होते, हे हात वर करायला सांगून मी पाहणार नाही.

कोरोनाच्या पट्ट्या आता कपाटात गेल्या आहेत. पण पावसाळा येतो आहे, आणि पावसाळ्याबरोबर डेंग्यू. दवाखान्यांतून अशीच एक पट्टी निघेल. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या निकषांप्रमाणे तिच्यावरचा 'पॉझिटिव्ह' हा केवळ संभाव्य समजला जातो. निश्चित निदानासाठी एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी सांगितली आहे. हातात पडलेल्या अहवालावर यांपैकी कोणती चाचणी केली ते लिहिले आहे की नाही, एवढे यंदा पाहा; लिहिले नसेल तर तेथेच विचारा. संचाचे नाव आणि पेटीचा क्रमांकही मागा. सोने घेताना आपण दागिन्यावरचा शिक्का भिंगातून पाहतोच. रक्त दिल्यावर कागद पाहण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.