तिनाच्या पाढ्यांतले घातांक

माझा एक जुना विद्यार्थी विद्युत्-उपकरणें दुरुस्त करतो. मध्यंतरीं त्यास ०.००००४७ फॅरड धारितेचा कपॅसिटर हवा होता. संगणकानें ही संख्या '४.७ गुणिले दहाचा उणे पांचवा घात' अशी दाखविली आणि हे गृहस्थ दुकानांतून ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेऊन आले! हवा होता ४७ चा. चूक दहापटीची, परंतु दोष सर्वस्वीं त्याचा नव्हे.

शास्त्रीय लेखनांत दशांशचिन्हाच्या डावीकडे एकच अंक ठेवितात व घातांक कोणताहि चालतो. अभियंत्याचीं मापें मात्र किलो, मेगा, मिली, मायक्रो अशीं हजारपटीनें चढतात-उतरतात. म्हणून त्याच्या लेखनांत घातांक तिनाच्या पाढ्यांतलाच हवा, आणि पुढची संख्या १ पासून १००० च्या आंत. आपल्या लक्ष-कोटींची चढण शंभरपटीची. त्यामुळें मेगा म्हणजे दहा लक्ष, हें मुलांकडून मुद्दाम घोकवून घ्यावें लागतें.

संगणकास हें लेखन शिकविणें वरकरणीं सोपें आहे. घातांक काढावा, तिनानें भागावा, आणि येणारा पूर्णांक पुनः तिनानें गुणावा. पण उणे पांचास तिनानें भागिलें तर उत्तर काय? येथेंच खरी मेख आहे. सी भाषा शून्याच्या बाजूस वळून उणे १ सांगते; मग आपला कपॅसिटर ०.०४७ मिलिफॅरड होऊन बसतो. पायथन भाषेंतील दुहेरी तिरक्या रेघेचा भागाकार खालच्या पूर्णांकाकडे जातो. उत्तर उणे २, घातांक उणे ६, आणि संख्या बरोबर ४७. सी भाषेंत लिहिणारानें ही सुधारणा स्वतः करावयाची असते.

दुसरा खळगा पूर्णनाचा. ९९९.९६ चार सार्थ अंकांत लिहूं गेल्यास १००० होतात. म्हणून पूर्णन आधीं करून घातांक मागाहून ठरवावा, म्हणजे १.००० गुणिले दहाचा तिसरा घात असें नीट उतरतें. शून्यास लॉगॅरिथम नाहीं. त्याची वाट आरंभींच निराळी काढावी.

पायथनच्या डेसिमल विभागांत अशा लेखनाची तयार सोय आहे खरी. पण तिला ०.००००४७ दिलें तर तें जसेंच्या तसें परत येतें, कारण इतपत लहान संख्येस ती घातांकच लावीत नाहीं! अखेर माझ्या विद्यार्थ्यानें स्वतःच दहा-बारा ओळी लिहिल्या. पडद्यावर ४७ आणि उणे ६ उमटलें, तेव्हां तो कपॅसिटर बदलून आणावयास पुनः दुकानीं गेला.