एकाच घरात दोन पाळणे

नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. जुळं असलं की हिशेब १६ ते २४ वर जातो आणि नव्या आईबाबांना रात्र अशी उरतच नाही. त्यात निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांआधीच जन्मतात.

दोघांना दूध पुरेल का, या प्रश्नावर शेजारीपाजारी सल्ले घेऊन हजरच असतात! खरं तर बाळं जितकं ओढतात, तितकं दूध तयार होतं. दोघांना दोन काखांत धरून, पाय पाठीकडे ठेवून, एकाच वेळी पाजता येतं. परिचारिकेकडून हे शिकून घेतलं की बराच वेळ वाचतो. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना दुग्धपेढीचाही आधार असतो. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली.

कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. जुळ्यांच्या घरी ती फार सोयीची, कारण एक बाळ बाबाही घेऊ शकतात.

पण बाबांना सुट्टी कुठली? केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत तसा केंद्रीय कायदाच नाही.

बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं किंवा अंग गार लागलं, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.