दोन वर्षांची वाट



अमेरिकेत परिचारिका होण्याची एक वाट कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या स्थानिक महाविद्यालयातून, जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिचारिकांची टंचाई तीव्र झाली असता, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी, रुग्णालयातील दीर्घ उमेदवारीऐवजी दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण सुचविले. आणि १९५२ साली तो प्रयोग सुरू झाला.

दोन वर्षे म्हणावयाची, इतकेच.
शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय बहुधा प्रवेशापूर्वीच पुरे करावे लागतात.

आता विद्यार्थिनीचा दिवस पाहा.
पहाटे मुलांचे डबे भरायचे.
मग प्रशिक्षणासाठी रुग्णालयात हजेरी.
तेथे औषधाच्या मात्रेचे गणित; दशांशचिन्ह एक घर सरकले, की मात्रा दसपट!
आणि संध्याकाळी पुन्हा नोकरी.

म्हणून पहिल्या सत्रापूर्वीच नोकरीचे तास कमी करावेत.
पुन्हा सांगतो, तास आधी कमी करावेत. नापास झाल्यावर नव्हे.

पदवी दोन वर्षांची असो वा चार, नोंदणीकृत परिचारिकेच्या परवान्याची परीक्षा एकच.

आपल्या नात्यातले कोणी तिकडे या वाटेने निघाले असेल, तर फी भरण्यापूर्वी, त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी अभ्यासक्रमास आहे ना, याची खातरजमा करावयास त्यांना अवश्य कळवा.