चालकाचे शकुन आणि सरळ रस्ता

(सुरत येथे रस्ता सुरक्षा उपक्रमाच्या निमित्ताने मराठी भाषिक वाहनचालक व त्यांचे कुटुंबीय यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव उच्चारले गेले तेव्हा श्रोत्यांत थोडे हसू पिकले. ते स्वाभाविक आहे. लिंबू-मिरची, आडवे गेलेले मांजर, नदीत टाकलेले नाणे हे विषय शासकीय व्यासपीठावर फारसे येत नाहीत. आलेच तर उपदेशाच्या सुरात येतात. तो सूर आज मी लावणार नाही. वाहनांच्या तपासणीत माझी बरीच वर्षे गेली आणि या काळात शेकडो कॅबिन मी आतून पाहिल्या. देवाची तसबीर, उदबत्तीची राख, आरशाला बांधलेला काळा गोफ किंवा मुलीने दिलेली एखादी बाहुली, यांपैकी काहीच नाही अशी कॅबिन मला क्वचितच आढळली. इतकी माणसे इतक्या निष्ठेने जी गोष्ट करतात तिच्यामागे काही कारण असले पाहिजे. त्या कारणाचा शोध घ्यावा, एवढाच आजचा हेतू आहे.

आपण सुरतेतील मराठी माणसे दोन्ही प्रांतांचे शकुन पाळतो, ही आपली मिळकत दुहेरी आहे. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, आणि दिवाळीनंतर इथल्या बाजाराबरोबर लाभपाचमेच्या मुहूर्तावर पहिली खेप काढतो. शनिवारी एक लिंबू आणि सात मिरच्या दोऱ्यात ओवून पुढे टांगतो. घरी आजी असेल तर त्यात बिबाही ओवला जातो. अलक्ष्मीला आंबट-तिखट आवडते, ते तिला दाराशीच मिळाले की ती आत येत नाही, अशी त्यामागची समजूत. रिक्षावाला पहिल्या भाड्याचे पैसे हँडलला लावून मग कपाळाला लावतो. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत पहाटे फेरी मारली तर हा सारा नित्यक्रम उघड्यावर पाहावयास मिळतो.

आणि तापी! मुलताईला उगम पावलेली ही सूर्यकन्या खानदेशातून वाहत इथे येते. प्रकाशे येथे ज्या पाण्याला आपल्या आईने हात जोडले, तेच पाणी सुरतेच्या पुलांखालून समुद्राकडे जाते. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतकर तिचा जन्मदिवस साजरा करतात. तेव्हा पुलावर येताच खानदेशी माणसाचा हात खिशात जावा, यात नवल काही नाही. मात्र तो हात स्टिअरिंगवरचा असू नये. नाणे टाकण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे, आणि निर्माल्य सोडण्यासाठी स्कूटर पुलाच्या मधोमध उभी करू नये. नदीला अर्पण करण्याची वस्तू नाणे आहे, आपण स्वतः नव्हे.

या आचारांविषयी आपणच काही वेगळे आहोत, असा समज करून घेण्याचे कारण नाही. जपानसारख्या यंत्रकुशल देशात नवी मोटार घेतली की ती नारिता येथील मंदिरात आशीर्वादासाठी नेतात आणि वाहतूक-सुरक्षेचा ताईत आत टांगतात. युरोपात प्रवाशांचा रक्षक म्हणून संत ख्रिस्तोफर याचे पदक मोटारीत लावण्याची चाल होती. 1969 मध्ये रोमन चर्चने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून या संताचा दिवस वगळला, तरी चालकांनी पदके काढली नाहीत. धर्मपीठाचे न ऐकणारे चालक परिवहन खात्याचे किती ऐकतील, हा विचार माझ्या मनात येतो खरा.

ही सवय जडते कशी, याचा एक मासला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर याने 1948 मध्ये प्रसिद्ध केला. त्याने भुकेली कबुतरे पेटीत ठेवली आणि ती काहीही करोत, ठराविक अंतराने दाणे आपोआप पडतील अशी व्यवस्था केली. काही काळाने एक कबुतर स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागले, दुसरे कोपऱ्याकडे मान ताणू लागले. दाणा पडण्याच्या क्षणी जे घडत होते त्यामुळेच दाणा पडला, अशी जणू प्रत्येकाची खात्री झाली. ज्या सदऱ्यात लांबची खेप सुखरूप झाली तोच सदरा पुन्हा घालणारा चालक, निघताना तीनदाच हॉर्न वाजवणारा चालक, अमुक पंपाशिवाय डिझेल न भरणारा चालक हे सर्व मला त्या कबुतरांचे आप्त वाटतात. यात अपमान काही नाही. स्वतःच्या वाहनाच्या क्रमांकातील अंकांची बेरीज करून पाहणारी, आणि मनाजोग्या क्रमांकासाठी जादा शुल्क भरणारी शिकलेली माणसे तर त्याच गोतावळ्यातली आहेत.

परंतु मूळ मुद्दा याहून पुढचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मॅलिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला होता. तेथील कोळी दोन ठिकाणी मासे धरीत. एक म्हणजे प्रवाळांनी वेढलेले आतले शांत पाणी, आणि दुसरा बाहेरचा खुला समुद्र. आतल्या पाण्यात जाताना ते कोणताही मंत्रतंत्र करीत नसत. तेथे त्यांचा आपल्या कसबावर पूर्ण भरवसा असे. खुल्या समुद्रात जाताना मात्र विधींची रांग लागे. जेथे माणसाला आपले कौशल्य पुरेल याची खात्री नसते, तेथे विधी उभा राहतो.

हा नियम आपल्या रस्त्यांना लावून पाहा. सुरतेहून धुळ्याकडे निघालेला चालक बारडोली, व्यारा, सोनगडपर्यंत गप्पा मारीत येतो. नवापूर, विसरवाडी मागे पडून कोंडाईबारीचा घाट आला की तो ताठ बसतो आणि त्याचा हात नमस्कारासाठी वर जातो. मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावर बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणारा धनगर तो हाच, अशी आख्यायिका आहे. तेथे आजही चालक नाणे टाकून पुढे जातात. कसारा घाट चढून गेल्यावर इगतपुरीची घाटनदेवी आहे. महाराष्ट्रातील घाटांवरची ही दैवते म्हणजे चालकाच्या भीतीचे नकाशेच होत.

आता दुसरा नकाशा पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी देशात रस्त्यावरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षीच्या एकूण अपघातांपैकी सुमारे 67 टक्के अपघात सरळ रस्त्यावर झाले. वळणाचे, खड्ड्यांचे आणि तीव्र चढ-उताराचे रस्ते मिळून सुमारे 14 टक्के. सरळ रस्त्यांची लांबीच अधिक असल्याने आकडा मोठा दिसणार, हे मान्य आहे. तथापि सरळ रस्त्यावर कोणी हात जोडत नाही, हेही तितकेच खरे. तेथे भीती नाही, म्हणून विधी नाही. आणि भीती नाही म्हणूनच वेगाला धरबंद नाही. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले 50,029 जण गेले आणि सीटबेल्ट न लावलेले 16,715. यांतील कितीतरी जण घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर, आतल्या शांत पाण्यातच, बुडाले असतील.

दिसणाऱ्या धोक्याला माणूस किती चटकन शहाणपणाने सामोरा जातो, याचे उदाहरण आपल्या सुरतेतच आहे. उत्तरायणाच्या आधी शहरातील स्कूटरींच्या हँडलवर तारेची कमान बसते. परक्या माणसाला हा एखादा तोडगा वाटावा, इतके ते दृश्य विचित्र दिसते. प्रत्यक्षात ती पतंगाच्या मांज्यापासून गळा वाचविण्याची तजवीज असते. मांज्याने कापलेला गळा प्रत्येकाने पाहिला किंवा ऐकला आहे, म्हणून कोणी सांगण्याची वाट न पाहता लोक तार बसवितात, गळ्याला रुमाल गुंडाळतात. तीच मंडळी तारेच्या कमानीमागे उघड्या डोक्याने बसलेली दिसतात. डोके आपटण्याचा धोका वर्षाचे सर्व दिवस असतो. तो दोन दिवसांपुरता नसल्यामुळे नजरेतून निसटतो.

घाटाकडे पुन्हा एकदा वळतो, कारण तेथेही भीती चुकीच्या जागी बसलेली असते. 21 ऑक्टोबर 2020 रोजी मध्यरात्रीनंतर मलकापूरहून सुरतेकडे येणारी खासगी बस कोंडाईबारी घाटात पुलावरून कोसळली आणि पाच माणसे दगावली. 2 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे सापुतारा घाटात यात्रेकरूंची बस कठडा तोडून दरीत गेली. तेथेही पाच जण जागीच गेले. या दुर्घटनांची कारणमीमांसा मी येथे करीत नाही. वेळ मात्र आपण ध्यानात घ्यावी. मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंतचा हा प्रहर आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. लग्नसराईत आणि दिवाळीत सुरतेहून खानदेशात जाणाऱ्या गाड्या याच वेळी घाटात असतात. या प्रहराचा सामना करण्याचे आपले उपाय कोणते? डोळ्यांवर ओला रुमाल, तंबाखूची जादा चिमूट, हिरवी मिरची चावणे, खिडकीबाहेर डोके काढणे, मोठ्याने गाणे. झोप ही शरीराची मागणी आहे. ती मिरचीने टळत नाही, फक्त लपते, आणि मग न कळत येते. 1961 च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. अमावास्येला गाडी न काढणारे मालक मी पाहिले आहेत. त्याच मालकांनी अमावास्या सरताच चालकाला सलग दोन रात्री जागवल्याचेही पाहिले आहे. येथे बसलेल्या मालकांनी हे ऐकून घ्यावे. भगिनींनीही ऐकावे, कारण घरचा माणूस किती तास झोपून निघाला हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

काही सवयी तर श्रद्धेच्याही नसतात. त्या केवळ काटकसरीच्या असतात आणि तरी श्रद्धेइतक्याच दृढ असतात. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की डिझेल वाचते, ही त्यांपैकी एक. इंजिनाचा आवर सुटला की सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. पुण्यातील नवले पुलाजवळ 20 नोव्हेंबर 2022 रोजी एका अवजड वाहनाने उतारावर 48 वाहनांना धडक दिली, तेव्हा तपासात गाडी न्यूट्रल असल्याचीच गोष्ट पुढे आली होती. हॉर्नचेही तसेच. गाडीच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेच पाहिजे असा नियम आहे, अशी अनेक चालकांची श्रद्धा होती. असा नियम कधीच नव्हता. उलट विनाकारण हॉर्न वाजविण्यास उत्तेजन मिळते म्हणून महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ती अक्षरे लिहिण्यास मनाई केली.

मांजराविषयी अनेकांनी चिठ्ठीद्वारे विचारले आहे. बैलगाडीच्या काळी रात्री मांजराचे चमकणारे डोळे पाहून बैल बुजत, म्हणून थांबण्याची रीत पडली, असे सांगतात. इंजिन बुजत नाही. महामार्गावर मांजरासाठी अचानक ब्रेक लावणाऱ्याच्या मागे भरलेला ट्रक असतो, आणि अपशकुन जर कोठे असेल तर तो तेथे असतो. सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीत नव्या मोटारीच्या चाकाखाली लिंबू चिरडताना एक्सलरेटर जोरात दाबला गेला आणि मोटार दालनाची काच फोडून पहिल्या मजल्यावरून खाली आली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. लिंबाला दोष देता येणार नाही. ते आपल्या जागी होते.

मग सोडायचे काय आणि ठेवायचे काय? माझे मत असे की, विधीचे हात रिकामे नसावेत. आपल्या घरांवरून उधना-जळगाव मार्गाच्या गाड्या जातात. त्या इंजिनात सिग्नल दिसताच सहायक चालक त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतो आणि मुख्य चालक ती पुन्हा उच्चारतो. दोघांनाही डोळे असताना हे मंत्रोच्चारण कशासाठी, असे बाहेरच्याला वाटेल. उच्चारलेली गोष्ट मनाकडून निसटत नाही, म्हणून ते करावयाचे असते. जपानी रेल्वेत तर बोट दाखवून बोलण्याची शिस्त आहे. आपले जुने क्लिनरही निघण्यापूर्वी लोखंडी टॉमीने प्रत्येक टायरवर ठोका मारीत गाडीभोवती फिरत. हवा गेलेला आतला जोडटायर बद्द आवाज करतो, भरलेला टणक वाजतो. नवख्याला ती प्रदक्षिणा वाटे, आणि ती प्रदक्षिणाच होती. उदबत्ती ओवाळण्यासाठी गाडीपुढे उभे राहतोच, तर दिवे त्याच वेळी पाहावेत. हार घालताना टायरची झीज, स्टिअरिंगला नमस्कार करताना ब्रेकच्या हवेचा दाब पाहावा. लिंबू-मिरची बंपरला बांधावी. समोरच्या काचेपुढे किंवा आरशावर लोंबणारी कोणतीही वस्तू पायी चालणाऱ्या एका माणसाला पूर्ण झाकू शकते. देवाची मूर्ती डॅशबोर्डच्या मध्यभागी मोठी न ठेवता लहान आणि खाली ठेवावी.

दृष्ट लागू नये म्हणून आपण इतके करतो. स्वतःची दृष्टी मात्र तपासून घेत नाही. पाठीमागच्या खोलीत नेत्रतपासणी दुपारपासून चालू आहे, आणि मघाशी पाहिले तेव्हा तेथे फारशी गर्दी नव्हती. आज रात्री ज्यांना नंदुरबार, धुळे किंवा जळगावकडे गाडी काढायची आहे, त्यांना आधी घ्यावे असे मी तेथील डॉक्टरांना सांगून ठेवले आहे.