ठाणं पायी पाहा

ठाण्यातल्या आणि डोंबिवली-मुलुंडहून ठाण्यात नाटकाला येणाऱ्या रसिकांशी आज बोलायचं आहे. गडकरी रंगायतनच्या दारात रिक्षेतून उतरायचं, प्रयोग पाहायचा, पडदा पडला की पुन्हा रिक्षा. ही सवय मोडा. स्टेशनवरून पायी या.

वाट तरी केवढी! पश्चिमेला बाहेर पडलात की थोड्याच अंतरावर मराठी ग्रंथसंग्रहालय. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकारानं १८९३ साली सुरू झालेलं. किती जण आत गेला आहात? मग बाजारपेठेतून, फुलवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत जांभळी नाका. तिथं कौपिनेश्वर, शिलाहारांच्या काळाशी नातं सांगणारं, पेशवाईत नव्यानं बांधलेलं देऊळ. आतलं शिवलिंग एवढं भव्य, की पहिल्यांदा पाहणारा थबकतोच. पाडव्याच्या स्वागतयात्रेला आपण इथं जमतो, एरवी फिरकत नाही. देवळाजवळ तलावपाळी. तिच्याच काठी पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन चर्च, आणि काठालाच १९७८ सालचं आपलं रंगायतन.

घरातली भाजणी आठवा. बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, धणे सगळं घरात असतं, पण वेगवेगळ्या डब्यांत. तेवढ्यानं थालीपीठ होत नाही. भाजून एकत्र दळावं लागतं, तेव्हा तो खमंग वास सुटतो. ठाण्याचे डबे काठोकाठ भरलेले आहेत हो! एकात ग्रंथ, एकात देऊळ, एकात नाटक. दळण पायांनीच होतं. रिक्षा एकच डबा उघडून देते.

तुम्ही म्हणाल, चालायला जागा कुठे आहे? रास्त तक्रार आहे. पदपथावर दुचाक्या, खोदकाम, वरून ऊन. पण चालणारे कमी झाले की पदपथ मागणारेही उरत नाहीत, म्हणून तर पुन्हा सांगतो, पायी या. आजी-आजोबांसाठी वाटेत बाकं हवीत, सावली हवी, देवळाची आणि चर्चची माहिती सांगणारे ठळक फलक हवेत.

तेवढं एक करा. पुढच्या रविवारी दुपारचा प्रयोग असेल, तर तासभर आधीची लोकल पकडा. नातवंडांना बरोबर घ्या. गुडघे दुखत असतील तर रिक्षेनं जरूर या, मात्र ती जांभळी नाक्यालाच सोडा.