छातीतले पाणी आणि बाहेरून आणायची बाटली
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त अध्यापकाने यकृताच्या विकारावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण माझ्या शेजारच्या एका यंत्रमाग कामगाराचे आजारपण मी जवळून पाहिले, आणि त्यात वैद्यकाइतकेच अर्थकारण आहे अशी माझी खात्री झाली.

त्यांना लिव्हर सिऱ्होसिस होता. पुढे धाप लागू लागली, ताप येऊ लागला. क्ष-किरण चित्रात उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी दिसले. 'छातीत पाणी म्हणजे क्षय' हे समीकरण आपल्याकडे इतके रुळले आहे की, पाणी न तपासताच क्षयाची औषधे सुरू झाली. संशय घेण्यात चूक नव्हती. तपासणीवाचून निर्णय घेण्यात होती. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला इजा करू शकतात, आणि येथे तर यकृत आधीच खचलेले. दुसऱ्या रुग्णालयात सुईने पाणी काढले तेव्हा जंतुसंसर्ग निघाला. तोवर मूत्रपिंडे थकली होती. ते वाचले नाहीत.

हे घडते कसे? यकृत कठीण झाले की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते आणि पोटात पाणी साचते. श्वासपटलातल्या बारीक छिद्रांतून श्वासाची ओढ ते पाणी छातीत खेचते, बहुधा उजवीकडे. पोट फारसे फुगलेले नसतानाही हे होऊ शकते. या पाण्यात जंतूंशी झुंजणारी प्रथिने तुटपुंजी असतात; ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या आतड्यातल्या जंतूंचे तेथे फावते. न्यूमोनिया झालेला नसतो. डॉक्टर याला 'स्पॉन्टेनियस बॅक्टेरियल एम्पायमा' म्हणतात. एम्पायमा म्हणजे पू. पण हे पाणी पुष्कळदा पुवासारखे दिसतही नाही. नाव फसवे आहे, आणि हा केवळ शब्दच्छल नव्हे. नेहमीच्या एम्पायमात छातीत नळी घालतात. येथे खरोखरच पू झालेला नसेल, तर नळीवाटे पाणी वाहतच राहते, त्याबरोबर प्रथिने जातात आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात.

निदानाला काय लागते? सुई, खाटेपाशीच पाणी भरून घ्यायची कल्चरची बाटली, सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा तंत्रज्ञ. घन मिलिमीटरमागे न्यूट्रोफिल पेशी ५०० हून अधिक, किंवा कल्चरमध्ये जंतू वाढल्यास २५० हून अधिक, एवढी मोजणी पुरते. मग सेफोटॅक्सिम वा सेफ्ट्रायाक्झोन. ही जुनी, स्वस्त झालेली औषधे आहेत. संसर्ग रुग्णालयातच जडला असेल तर मात्र ती अपुरी पडू शकतात. महाग आहे ते अल्ब्युमिन. पोटातल्या अशाच संसर्गात प्रतिजैविकाच्या जोडीला ते दिल्यास मूत्रपिंडे निकामी होणे आणि मृत्यू, दोन्ही घटतात, हे १९९९ साली स्पेनमधील अभ्यासाने दाखवले. छातीतल्या संसर्गाबाबत पुरावा तितका भक्कम नाही, तरी अनेक डॉक्टर ते देतात. आणि येथेच ती परिचित चिठ्ठी हाती पडते : 'बाटली बाहेरून आणा.' काही हजार रुपयांची बाटली, तीही एक नव्हे. माझ्या शेजाऱ्यांच्या पत्नीने त्या चिठ्ठीसाठी मंगळसूत्र गहाण टाकले.

'दारू प्यायला, भोगतो आहे' असे आपल्यातलेही काही म्हणतात. दारूबंदीचा आग्रह आपल्या चळवळीत जुना आहे. त्यातून रुग्णाविषयी हा तुसडेपणा यावा, हे मला लाजिरवाणे वाटते. माझे शेजारी दारूला शिवत नसत; त्यांना हिपॅटायटिस-बी होता. घटनेचे ४७ वे कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणे आणि मादक पेयांना आळा घालणे ही दोन्ही कर्तव्ये राज्यावर सोपवते. राज्य अबकारी कर वसूल करते आणि बाटली बाहेरून आणायला सांगते.

हिपॅटायटिस-बीची देशी लस हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये बाजारात आणली. सरकारी लसीकरणात ती देशभर पोचायला २०११ उजाडले. मधल्या १४ वर्षांत ज्याच्या खिशात पैसे होते, त्याच्या मुलाला लस मिळाली. हिपॅटायटिस-सीवरील औषधे २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमापासून मोफत मिळू लागली. पण आधी कोणी रक्त तपासायला हवे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जाऊन तीन गोष्टी टिपून आणाव्यात : प्रयोगशाळा संध्याकाळनंतर चालू असते का, तंत्रज्ञाचे पद भरलेले आहे का, आणि गेल्या वर्षात अल्ब्युमिनच्या किती बाटल्या रुग्णालयाने स्वतः घेतल्या.